तळहातावरचा रणगाडा



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावर उभे राहून खेळण्यातल्या रणगाड्यांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमच्याकडून बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी कामगारांचे हाल अशा विषयांची अपेक्षा असते, आणि ते विषय काही संपलेले नाहीत. तथापि आज आम्ही मुद्दामच एक लहान वस्तू आपल्यापुढे ठेवणार आहोत. ती तळहातावर मावेल एवढीच आहे. परंतु तिच्या पाठीमागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यात राजे आहेत, सेनापती आहेत, एक थोर कादंबरीकार आहे, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत असे असंख्य कारागीरही आहेत. या शेवटच्या मंडळींमुळेच हा विषय आम्हाला आपला वाटला.

प्रथम ही वस्तू कोणती ते सांगितले पाहिजे. इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, जपान अशा देशांत लहान मुलांप्रमाणेच चांगली मिशा पिकलेली माणसेही प्लॅस्टिकचे सुटे भाग विकत आणतात. ते कापून, घासून, चिकटवून रणगाडे, तोफगाड्या, मालमोटारी जुळवितात आणि बारीक कुंचल्याने रंगवितात. मग एका मोठ्या टेबलावर हिरवे कापड अंथरतात, त्यावर टेकड्या, झाडे, पुठ्ठ्याची घरे मांडतात आणि दोन बाजूंनी लढाई खेळतात. कोणता रणगाडा किती इंच पुढे सरकेल हे पट्टीने मोजायचे, गोळा लागला की नाही हे फासे टाकून ठरवायचे, आणि वाद झाला की नियमांचे पुस्तक उघडायचे. आपल्याकडे दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, कुंभाराकडचे मावळे उभे करतात. त्या हौशीचेच हे दूरचे भावंड आहे असे समजा. फरक एवढाच की आपला किल्ला दिवाळी संपताच विस्कटतो, आणि त्यांचे सैन्य वर्षानुवर्षे कपाटात राहते.

या वस्तूला आम्ही तीन प्रश्न विचारणार आहोत. ती कोणी केली? कोणासाठी केली? आणि मोठ्याचे लहान करताना त्यातून काय गाळले? कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही मालाविषयी हे प्रश्न विचारण्याची आम्हाला सवय आहे.

लढाईची प्रतिकृती पटावर मांडण्याची कल्पना आपल्याच देशात फार जुनी आहे. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. तो खेळ इराणातून आणि अरबांच्या हातून युरोपात गेला आणि तिथे त्याचे आजचे बुद्धिबळ झाले. १७८० साली जर्मनीतील ब्रन्सविक येथे हेलविग नावाच्या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर डोंगर, नदी, जंगल अशी निरनिराळी घरे रंगविली आणि सैन्याच्या हालचालींचा खेळ बसविला. पुढे १८१२ साली प्रशियाच्या सरकारी नोकरीतल्या राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याला एक भले थोरले मेज भेट दिले. त्यात साच्यातून काढलेल्या आणि रंगविलेल्या भूभागाच्या चौकोनी फरशा होत्या. त्या हव्या तशा जुळवून नवे रणांगण तयार करता येई. बुद्धिबळाची घरे येथे संपली; सैन्य आता पट्टीने मोजून चालू लागले.

त्या वेळी हा खेळ राजवाड्यातला होता. राइसविट्झचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ साली खेळाला नकाशावर आणले, पंच नेमला, फासे आणले, आणि कोणत्या पल्ल्यावरून किती माणसे पडतील याचे कोष्टक बसविले. प्रशियाच्या सेनापती-मंडळाचे प्रमुख म्युफलिंग यांनी तो पाहिला आणि हा खेळ नसून युद्धाचे शिक्षणच आहे, असा अभिप्राय दिला. लष्करात त्याचा प्रसार झाला. ज्या तरुणाने एवढी खटपट केली त्याने मात्र १८२७ साली स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. १८७०–७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला धूळ चारली, तेव्हा इतर देशांच्या सैन्यांनीही हा खेळ उचलला. येथपर्यंत आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: ही वस्तू अधिकाऱ्यांसाठी केलेली होती. शिपाई त्या कोष्टकात आकडा म्हणून होता, टेबलाशी त्याला जागा नव्हती.

सामान्य माणसाच्या घरात हे सैन्य आले ते शिशाच्या स्वस्ताईने. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कुटुंबाने पोकळ ओतकामाची युक्ती काढली. वितळलेला शिशाचा रस साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर गोठतो न गोठतो तोच आतला रस परत बाहेर ओतून घ्यायचा. मागे उरतो तो पोकळ शिपाई. धातू कमी लागला, वजन उतरले, आणि तोवर बाजार ज्यांच्या हातात होता त्या जर्मन भरीव शिपायांपेक्षा हा माल स्वस्त पडला. हे शिपाई रंगविण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे असे. एकेका शिपायाचा लाल कोट, काळी टोपी, गालांवरचा गुलाबी ठिपका, हे सर्व त्यांच्या हातचे. संग्राहक आज त्या शिपायांना मोठी किंमत देतात आणि खोक्यावरच्या चिठ्ठीचाही बारकाईने अभ्यास करतात. पण रंगविणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही खोक्यावर नाही. पुढे शिशाचा विषारीपणा ध्यानात घेऊन खेळण्यांतील शिशावर बंधने आली आणि १९६६ साली ब्रिटनच्या कारखान्याने शिशाचे शिपाई करणे थांबविले. मुलांना त्या शिशापासून वाचविले हे चांगलेच झाले. परंतु ज्यांनी दिवसचे दिवस तो धातू ओतला आणि हाताळला, त्यांची चौकशी फार कमी लोकांनी केली.

याच शिशाच्या शिपायांवर एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. वेल्स यांची आई मोठ्या घरी कामाला होती, वडील लहानसे दुकान चालवीत. ते स्वतः कापडाच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेले. अशा माणसाने सेनापतींचा खेळ बैठकीच्या खोलीत, जमिनीवर आणला. स्प्रिंगवर चालणाऱ्या छोट्या तोफेतून लाकडाची गोळी सुटे आणि शिपाई आडवे होत. पुस्तकाच्या शेवटी वेल्स यांनी जे म्हटले आहे त्याचा आशय असा: ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे त्या राजांना आणि चिथावणीखोरांना एका खोलीत ही खेळणी देऊन बसवावे, म्हणजे बाकीच्या जगाला शांततेने कामधंदा करता येईल; कारण खरे युद्ध माणसाच्या आवाक्यापेक्षा फार मोठे आणि फार मूर्खपणाचे असते. विचार उत्तम होता. परंतु एकच वर्ष गेले, १९१४ साली महायुद्ध पेटले, आणि याच वेल्स यांनी हे युद्ध युद्धाचाच शेवट करील असे लिहून आपल्या देशाच्या युद्धप्रयत्नाला पाठिंबा दिला. लहान युद्धाची ओळख झाली म्हणजे माणूस मोठ्या युद्धापासून आपोआप सावध होतो असे नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात ठेवले पाहिजे.

वेल्स यांच्या त्या पुस्तकात रणगाडा नाही. कारण जगातच तो नव्हता. गंमत अशी की १९०३ साली त्यांनीच एका कथेत जमिनीवरून चालणाऱ्या चिलखती युद्धनौकांची कल्पना केली होती. खरा रणगाडा जन्मला तो इंग्लंडमधील लिंकन या गावी, विल्यम फॉस्टर कंपनीत. ही कंपनी मळणीयंत्रे आणि शेतीची इंजिने करणारी होती. तेथील विल्यम ट्रिटन आणि लष्कराचे वॉल्टर विल्सन यांनी १९१५ साली पहिला नमुना उभा केला. लोखंडी पट्ट्यांवर चालण्याची कल्पनाही शेतातल्या ट्रॅक्टरवरूनच आलेली. गुप्तता राहावी म्हणून या यंत्राला पाण्याची टाकी असे खोटे नाव दिले. ‘टँक’ हा शब्द तेव्हापासून चिकटला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर ते प्रथम उतरले. ४९ रणगाडे आणलेले होते. त्यांतले पुष्कळसे लढाईच्या जागी पोचण्याआधीच बिघडून पडले. नांगरणी-मळणीची विद्या माणसे मारण्याच्या कामी लागली, ती अशी.

महायुद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे बाळगण्याची बंदी केली. तेव्हा जर्मन सैन्याने मोटारगाडीच्या सांगाड्यावर पत्रा, लाकूड आणि कापड चढवून खोटे रणगाडे केले आणि त्यांवर कवायती चालविल्या. पाहणाऱ्यांना त्यांचे हसू येई. पण त्याच कवायतींतून तयार झालेल्या अधिकाऱ्यांनी १९३९ आणि १९४० साली खऱ्या रणगाड्यांनिशी युरोप तुडविला. प्रतिकृती निरुपद्रवीच असते असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनेही लहान नमुने फार मोठ्या प्रमाणावर वापरले. शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते हे सैनिकांना चटकन ओळखता यावे, म्हणून १९४२ साली शाळांतील मुलांकडून पाच लाख लाकडी विमाने करून घेण्याची योजना निघाली. तर न्यूयॉर्कच्या कॉमेट कंपनीने सैन्यासाठी मूळ वस्तूच्या १०८ पट लहान अशा धातूच्या गाड्या आणि रणगाडे ओतले. युद्ध संपल्यावर तोच माल हौशी लोकांच्या टेबलावर आला.

आता आम्ही ज्या भागाकडे येत आहोत तो आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन निर्वासिताने १९३९ साली लंडनमध्ये एअरफिक्स ही कंपनी काढली. आरंभी ती रबराची खेळणी करी. नंतर प्लॅस्टिकच्या फण्या. १९४९ साली फर्ग्युसन कंपनीने आपल्या विक्रेत्यांना दाखविण्यासाठी ट्रॅक्टरचा एक लहान नमुना तिच्याकडून करून घेतला. म्हणजे मोठा रणगाडा जसा शेतीच्या कारखान्यातून आला, तसा लहान रणगाडाही ट्रॅक्टरच्याच मागून आला! हा नमुना कारखान्यात हाताने जुळवावा लागे आणि ते महाग पडे. मग खर्च कमी करण्यासाठी आणि खप वाढविण्यासाठी तो सुट्या भागांत, जुळवणी न करता, वुलवर्थच्या दुकानांत विकायला ठेवला. पुढे १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ हे गलबत दोन शिलिंगांना आले, १९५३ साली स्पिटफायर विमान आले, आणि १९६१ साली पँथर आणि शेर्मन हे रणगाडे आले, मूळच्या ७६ पट लहान.

येथे जरा थांबून काय घडले ते पाहावे. जुळवणीचे जे काम कारखान्यात मजुरी देऊन करून घ्यावे लागत होते, ते गिऱ्हाईक आता आपल्या घरी, आपल्या वेळात, वर पदरचे पैसे मोजून करू लागले. मालकाच्या बाजूने पाहिले तर यापेक्षा सुखाचा सौदा दुसरा कोणता? आम्ही हे एका सभेत सांगितले तेव्हा श्रोते खूप हसले. पण हसण्यापाशी थांबून भागत नाही. दिवसभर कारखान्यात जुळवणीच करून आलेला माणूस रात्री दिव्याखाली बसून पुन्हा जुळवणी का करतो? आणि ती आनंदाने का करतो?

आमचे उत्तर असे आहे. कारखान्याच्या पट्ट्यावर त्याच्या वाट्याला एकच बोल्ट येतो. यंत्र कोठून आले आणि कोठे गेले, हे त्याला दिसत नाही. घरच्या टेबलावर ती वस्तू पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या रंगापर्यंत त्याची एकट्याची असते. पाठीमागे मुकादम नसतो, घड्याळ नसते, नग मोजणारा नसतो. बिघडले तर खरवडून पुन्हा करता येते. विश्रांतीचा वेळ मिळावा म्हणून कामगारांनी सगळीकडे झगडा केला. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने. त्या सुटीत माणूस काय करतो यावरून त्याला कामात काय कमी पडते ते कळते. तो सुटीत पुन्हा कामच करीत असेल, तर तो आळशी नाही हे उघड आहे. त्याला हवे असलेले काम त्याला मिळालेले नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आता हे काम कसे चालते तेही सांगितले पाहिजे, कारण कारागिरी समजल्यावाचून कारागिराची किंमत कळत नाही. प्रथम पॅटर्नमेकर मूळ रणगाड्याची मापे आणि छायाचित्रे घेऊन अपेक्षित नमुन्यापेक्षा मोठा फर्मा तयार करतो. मग पॅन्टोग्राफ नावाच्या यंत्राची सुई त्या फर्म्यावरून फिरते आणि दुसऱ्या टोकाचे कटर तोच आकार लहान करून पोलादात कोरते. जुन्या काळी सगळे साचे याच रीतीने होत. आज हे काम संगणकावर आखले जाते. साचा असा हवा की भाग अडकल्याशिवाय बाहेर निघावा; म्हणून प्रत्येक बाजूला किंचित उतार द्यावा लागतो. टूलरूममध्ये काम केलेल्यांना हे सांगायला नकोच. एका साच्यामागे कुशल हातांचे काही महिने जातात. पण तो झाला की पॉलिस्टायरीनचे दाणे वितळवून त्यात दाबायचे, गार करायचे, काढायचे. लाखो नग निघतात. म्हणून तर साचा एवढा महाग आणि वस्तू एवढी स्वस्त.

घरी आल्यावर कारागिराचे दुसरे काम सुरू होते. भाग दांडीपासून कापायचे, कडेला आलेले फाजील प्लॅस्टिक बारीक कानशीने घासायचे, चिकटवायचे. बाजारात न मिळणारी गाडी हवी असली तर पुठ्ठा, तार, टाचणी आणि प्लॅस्टिकचा पत्रा यांतून ती स्वतः घडवायची. उरलेली दांडी मेणबत्तीवर धरून ताणली की केसासारखा तंतू निघतो. तीच बिनतारी यंत्राची काठी होते. मग रंग. तीस टनांचा शेर्मन जेव्हा पावणेआठ सेंटिमीटरांचा होतो, तेव्हा त्याच्या खाचांत खऱ्यासारखी सावली पडत नाही. म्हणून ती सावली रंगवावी लागते. गडद रंग पातळ करून सोडला की तो खाचांत उतरतो. आणि कुंचला जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवर फिरविला की कडा उजळतात. मूळ छटाही थोडी फिकी करावी लागते, कारण लांबून पाहिलेली वस्तू हवेमुळे फिकी दिसते, आणि लहान वस्तू म्हणजे डोळ्याला लांबचीच वस्तू. हल या बंदराच्या गावच्या हम्ब्रोल कंपनीच्या रंगाच्या चिमुकल्या डब्या इंग्लंडातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हौशी लोकांना ठाऊक आहेत.

हे करता करता माणूस इतिहास शिकतो. जर्मन रणगाडे १९४३ च्या फेब्रुवारीपासून गडद पिवळे का झाले, त्यांवर हिरव्या आणि तांबूस पट्ट्या कोणी ओढल्या, हे तो शोधू लागतो. रंगाचा गोळा डब्यातून मिळे आणि रणगाड्यावरची माणसेच तो पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात कालवून लावीत; त्यामुळे दोन रणगाडे कधी एकसारखे नसत. एवढ्याशा रंगापासून तो त्या माणसांच्या हातांपर्यंत पोचतो. या छंदाची ही मोठी कमाई आहे असे आम्ही मानतो.

खेळाचे नियमही याच सुमारास सामान्यांच्या हाती आले. डोनाल्ड फेदरस्टोन हे दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात होते आणि धंद्याने अंगमर्दनाने व व्यायामाने रोग्यांवर उपचार करणारे. त्यांनी १९६२ साली ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक लिहिले. १९७० साली चार्ल्स ग्रँट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या लढाया टेबलावर कशा खेळाव्यात ते सविस्तर सांगितले. तिकडे जपानात शिझुओका या गावी टामिया नावाची लाकूड कापण्याची गिरणी होती. ती प्रथम लाकडी आणि मग प्लॅस्टिकचे नमुने करू लागली. तिचा वीतभर लांबीचा पँथर १९६० च्या दशकाच्या आरंभी आला तो मूळच्या ३५ पट लहान. कारण त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या! बॅटरीच्या मापाने ठरलेले ते प्रमाण आज जगभर रूढ आहे. १९६७ साली अमेरिकेत जी. एच. क्यू. नावाच्या कंपनीने मूळच्या २८५ पट लहान, बोटाच्या पेराएवढे रणगाडे काढले. ते एवढे लोकप्रिय झाले की १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या सैन्याने त्या मापाच्या नमुन्यांवर आपल्या अधिकाऱ्यांसाठी खेळ बसविला. राजवाड्यातून निघालेली वस्तू घराघरांतून फिरून पुन्हा छावणीत गेली.

आता तिसरा प्रश्न. मोठ्याचे लहान करताना काय गाळले? पहिली गोष्ट अंतर. ७६ पट लहान रणगाड्याचा एक हजार मीटरचा पल्ला त्याच प्रमाणात धरला तर टेबल तेरा मीटर लांब हवे. एवढे टेबल कोणाच्या घरी आहे? म्हणून नियमांत अंतर आखूड करतात आणि रणगाडे एकमेकांच्या अंगावर आल्यासारखे दिसतात. हे खोटे आहे, पण सांगून-सवरून केलेले आहे, आणि खेळणाऱ्याला ते ठाऊक असते. अशा खोट्याने अपाय होत नाही.

दुसरी गोष्ट माणूस. शेर्मनमध्ये पाच माणसे बसत, पँथरमध्येही पाच. टेबलावर गोळा लागला की त्यावर काजळी लावलेला कापसाचा बोळा ठेवतात, तो धूर. आतल्या पाचांचे काय झाले याला नियमांत फार तर एक फासा असतो.

तिसरी गोष्ट तो रणगाडा घडविणारे हात. आणि येथे आम्हाला जरा स्पष्ट बोलायचे आहे. हौशी लोकांच्या पुस्तकांतून चिलखताची जाडी मिलिमीटरपर्यंत दिलेली असते. शेर्मन एकोणपन्नास हजारांवर झाले, हे सांगतात. ते डेट्रॉइटच्या कारखान्यात आणि आगगाडीची इंजिने करणाऱ्या कारखान्यांत झाले, हेही कधी सांगतात. रशियाचे टी-३४ चेल्याबिन्स्कला आणि निझ्नी तागीलला झाले. खारकोव्हचा कारखानाच्या कारखाना १९४१ साली यंत्रांसह उरलकडे हलविला, आणि तेथे स्त्रिया व अर्धवट वयाची मुले पाळ्या करीत होती. ऑस्ट्रियात सेंट व्हालेंटिन येथे जर्मन पँझर चार या रणगाड्यांचा कारखाना होता. त्यात माउटहाउझेनच्या छळछावणीतील कैद्यांना राबविले जाई. तो रणगाडा आज कोठेतरी टेबलावर कौतुकाने रंगविला जात असेल. त्याच्या चाकांची संख्या बरोबर आहे, पट्ट्यांचे दुवे बरोबर आहेत, छटाही बरोबर आहे. फक्त तो कोणी केला याचा रकाना कोरा आहे.

आणि हा रकाना लहान रणगाड्याच्या बाबतीतही कोराच आहे. एअरफिक्स १९८१ साली बुडाली, मग एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली. साचे इंग्लंडातून फ्रान्समध्ये गेले. २००६ साली पुन्हा गडगडाट झाला, हॉर्नबी कंपनीने ती विकत घेतली आणि पुढे तिच्या अनेक संचांचे काम आपल्या देशात करून घेतले. खोक्यावर भारतात तयार झाल्याचे छापलेले असे. परदेशातल्या हौशी माणसाने मोठ्या प्रेमाने उघडलेल्या त्या खोक्यातले भाग आपल्याकडच्या कोणा कामगाराने यंत्रातून काढले, मोजले आणि पिशवीत भरले. खोक्यावरचे चित्र कोणी काढले हे जाणकार सांगतात. पिशवी कोणी भरली हे विचारण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

मग हा छंद वाईट म्हणावा काय? आमचे मत तसे नाही. मुलाच्या हातून खेळण्यातली तोफ काढून घेतल्याने जगातली एकही खरी तोफ कमी होत नाही. शिवाय जो माणूस एका खिळ्याच्या जागेसाठी रात्र रात्र जुनी छायाचित्रे पाहतो, त्याच्याजवळ सत्याची आस आहे. आमचे मागणे एवढेच की ती आस खिळ्यापाशी थांबू नये. ज्या नेकीने तो पट्ट्याचे दुवे मोजतो, त्याच नेकीने त्याने आतली माणसे मोजावीत आणि घडविणारे हातही मोजावेत. रणगाड्याखाली चिकटविलेल्या चिठ्ठीवर नाव, साल आणि रंग लिहितातच. तेथे आणखी दोन ओळी लिहिणे अवघड नाही: यात किती माणसे बसत, आणि हा कोठल्या कामगारांनी केला.

आपल्यापैकी ज्यांना खरा रणगाडा पाहायचा असेल त्यांना फार लांब जायला नको. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, येथे १९९४ साली उभारलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे मद्रासजवळ आवडीला आपल्याच कामगारांनी बांधलेला विजयंत आहे, आणि १९६५ च्या युद्धात हाती आलेले पॅटनही आहेत. मुलांना घेऊन जा. तोफेची लांबी किती आणि वजन किती हे ती आपणहून विचारतील. चालक ज्या भोकातून आत शिरे ते भोकही त्यांना दाखवा, आणि उन्हाने तापलेल्या त्या पत्र्याला हात लावून पाहू द्या. येत्या दिवाळीत अंगणात किल्ला झाला की त्यावर मावळे मांडताना, ते कोणत्या कुंभाराच्या घरी रंगले याचीही चौकशी मुलांनी करावी.